बावामियांचा झेला

कप जिंकला त्याच्या पुढच्या मे महिन्यात
दाभोळातल्या प्रत्येक पोराच्या हातात फळकुटाची बॅट होती,
तेव्हा बावामियां परकार जहाजावरून कायमचा उतरला
आणि त्याच्या पत्र्याच्या पेटीतून निघाला
चामड्याचा एक सुजलेला पंजा.

"हे काय?" दामू भुत्याने विचारलं.
चाचा म्हणाला, "झेला."
आंबे उतरवायचा झेला आम्हाला ठाऊक,
बांबूच्या टोकाला जाळी.
हा थेट हातालाच फुटलेला.

ओहोटी लागली की तो वाळूत सुंभाने चौकोन आखायचा,
एका कोपऱ्यावर उभा केलेला.
पहिल्या थांब्याला सुकटीची पाटी,
दुसऱ्याला फुटका बोया,
तिसऱ्याला मी,
कारण बेसबॉलला नऊ लागतात आणि मुलगे आठच होते.
खालच्या टोकाला जांभ्याचा एक चिरा.
त्याला म्हणायचं घर.

"क्रिकेटात दोन दांड्यांमध्ये नुसत्या येरझाऱ्या.
इथे घरातून निघायचं
आणि फिरून घरीच यायचं.
एवढाच खेळ. घड्याळ नाही."
घड्याळ नव्हतंच.
भरती होती.

बाल्टिमोरला कोळसा भरायला चार-चार दिवस लागत.
तिथला एक हमाल, ल्यूथर,
त्याला मैदानात नेई, भाजक्या शेंगा चारी
आणि मेलेल्या खेळाडूंच्या गजाली सांगे.
चाचा नावं विसरला होता, माणसं नाही.

एक ढेरपोट्या.
त्याने म्हणे आधी बोट दाखवलं
आणि मग तिकडेच चेंडू धाडला.
दाखवलं की नाही यावर ते लोक अजून भांडतात,
जशी आपल्याकडे पालखी आधी कुठल्या वाडीत नाचली यावर
डोकी फुटतात.

एक लोखंडी.
चौदा वर्षं एक सामना चुकला नाही.
मग अंगातलं लोखंडच विरघळायला लागलं,
तर भरल्या मैदानात उभा राहून सांगतो काय,
माझ्यासारखा नशीबवान कोण.
इथे चाचा विडी विझवायचा,
अर्धी शिल्लक असली तरी.

आणि एक पाठीवर बेचाळीस आकडा असलेला,
ल्यूथरच्या रंगाचा.
ल्यूथरच्या बापाला त्या खेळाचं दार बंद होतं.
याला उघडलं, शिव्यांसकट.
तो तिसऱ्या थांब्यावर दबा धरून राही
आणि फेकणाऱ्याची नजर ढळली की सुटे.
त्याला ते म्हणतात, घर चोरणं.
"बघ गो," चाचा मला म्हणाला,
"आपलंच घर. आणि चोरावं लागलं."

दहातून तीनदा चेंडू लागला
तर तिथे माणसाचा पुतळा होतो.
माझ्या बापाला हे फार आवडलं.
त्याच्या जाळ्याचा हिशेब याच्याच आसपास होता,
पण पुतळा राहू दे,
बर्फवालासुद्धा त्याला नीट हाक मारत नसे.

गुण लिहायला चाचाकडे जहाजाची जुनी वही होती.
तिच्यात शेवटी एक रकाना: वाटेत राहिलेले.
म्हणजे थांब्यावर पोचले,
पण डाव संपला आणि घरी आले नाहीत.
त्या रकान्यात रोज पहिलं नाव इलियास.
आमच्या नऊ जणांत इलियास नव्हता.
मी एकदा विचारलं.
चाचा म्हणाला, "माझा धाकटा. बाल्टिमोरला उतरला."
आणि सुंभ गुंडाळायला लागला,
पाणी अजून बोयापर्यंतही आलं नव्हतं.

आता झेला माझ्याकडे आहे.
दर श्रावणात त्याला बुरशी येते,
मी खोबरेल चोळते, भाताच्या कोंड्यात पुरून ठेवते.
आत बोटं घातली की पाच खोल्या,
आणि पाचही मला मोठ्या.

चिरा अजून तिथेच आहे.
त्याला कालवं धरलीत.
ऐन ओहोटीला उघडा पडतो
तेव्हा बर्फाच्या कारखान्यातून येता येता
मी चप्पल काढून त्यावर पाय ठेवते.
नासिर जेटीवरून ओरडतो, "आउट!"
त्याच्या दाढीला मेंदी आली तरी नियम कळले नाहीत.
मी म्हणते, नीट बघ रे,
पाण्याच्या आधी पोचलेय.