लोखंडी पाय

फॅक्टरी बंद झाली तेव्हा बापाने एकच वस्तू घरी आणली:
चांभारी ठोकळा, ओतीव लोखंडाचा,
तीन दिशांना तीन पावलं,
पुरुषाचं, बाईचं, पोराचं.
कसाही ठेवा, दोन जमिनीवर, एक हवेत.
त्याने तो दाराला अडसर म्हणून लावला.

नॉर्दॅम्प्टनशरात आमचं गाव बुटांचं.
पेटिफर म्हटलं की वर्ग हसायचा.
तोडून वाचलं तर निघतं चिमुकली लव,
म्हणून शाळाभर मी उंदीर.
बाप म्हणायचा, नावाला अर्थ नसतो गं,
टपालापुरतं असतं ते.

मग परवा, दप्तरखान्यात,
मिस थरोगुडने चष्मा कपाळावर सरकवला.
फ्रेंच आहे हे, म्हणाली. प्ये द फेर.
लोखंडी पाय.
चर्चच्या वहीत कुठे पेडिफर, कुठे पुटिफर,
कारकून ऐकेल तसं लिहायचा,
नाक चोंदलं की आणखी वेगळं.

पहिला कोण?
न थकता चालणारा, किंवा पायदळातला कुणी,
किंवा पाय गमावलेला, ज्याला लोहाराने दुसरा घडवून दिला.
पुस्तकात तिघांच्याही आधी ‘कदाचित’.
मला वाटतं चौथाच असावा:
दोन शेतं चालला की बांधावर बसणारा,
नाव लोखंडाचं, पाय मेणाचे,
आणि गावाची जीभ तिखट.

केटरिंगच्या वृद्धाश्रमात बापाला सांगितलं.
साखरेने त्याची दोन बोटं नेली आहेत,
डावी. तिसऱ्याचा भरवसा नाही.
तो ब्लँकेटच्या टोकाकडे बघत राहिला.
मला वाटलं रडेल.
म्हणाला, साइज काय होता त्याचा?

माहीत नाही, बाबा. आठशे वर्षं झाली असतील.

चवडा रुंद असणार, म्हणाला,
फ्रेंचांचा असतो.
आयुष्यात एक फ्रेंच माणूस पाहिलेला नाही त्याने.
अंगठ्याने हवेत टाच मापली,
कातडं किती लागेल ते सांगितलं,
शिवण बाहेरून घ्यायची, आतून टोचते, हेही,
आणि वाक्य अर्धवट सोडून झोपला.

घरी आले. दार तसंच, उघडं.
ठोकळ्याचं पोराचं पाऊल आज वर होतं,
कुणी फिरवलं कोण जाणे.
चालून चालून मोजा भिजला होता.
त्याच्यावरच वाळत घातला.