आठवी जागा

यॉलान्डाबाई, पत्र पोचलं.
प्रश्न एकोणीस आहेत. जमतील तशी उत्तरं देते.

जूनमध्ये या. पाऊस तेव्हाही असतो,
फक्त जरा शरमून पडतो.
परवाना आधी काढा, सगळ्यात महाग तोच.
तेवढ्यात आमच्याकडे दुभती गाय येते,
वासरासकट.

हातमोजे आणा, बागकामाचे, जाड.
इथल्या उतारावरचं झुडूप नुसतं हात लागला तरी
दिवसभर आठवण ठेवायला लावतं.
पायमोजे पँटच्या वर ओढायचे.
ते मुंग्यांसाठी.

नक्की किती चालावं लागेल, विचारलंत.
ते ठरवणारा अजून उठायचाय.
रुकारा त्याचं नाव. पाठ चंदेरी.
रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवा बिछाना घालतो,
आणि सकाळी त्यातच घाण करून निघतो.
तुर्यामुरीबा पहाटे जंगलात शिरतो,
त्या बिछान्यापाशी वाकतो,
हाताच्या पाठीनं शेण चाचपतो:
कोमट असेल तर तुमची चाल तासाभराची,
गार असेल तर जेवण बरोबर घ्या.
ब्विंडीतलं आमचं सगळं नियोजन
एवढ्यावर चालतं.

पिशवी हलकी आहे, हमाल नको, असं लिहिलंत.
तरी घ्या.
नतुकुंदा येईल. चढावर मागून ढकलेल,
निसरड्यावर न विचारता हात धरील.
तिच्या मुलाची शाळेची फी
तुमच्या त्या हलक्या पिशवीत आहे.

प्रश्न अकरा. मी स्वतः पाहिलेत का?

नऊ वर्षं ही वही लिहिते आहे.
आठ माणसं, एक तास, दहा मीटर अंतर,
हे मी झोपेतही सांगेन.
गेल्या मार्चात एका पाहुण्याचा पाय मुरगळला.
आठवी जागा रिकामी.
वॉर्डनसाहेबांनी कशी कोण जाणे मान डोलावली,
आणि मालकीण म्हणाली, क्यारिसीमा, बूट घाल.
बूट दोन नंबर मोठे. पुढे वर्तमानपत्र कोंबलं.
रांगेत उभी राहिले, पोरीसारखी, काठी घेऊन.

रेंजरबाईनं विचारलं, रोज सगळ्यांना विचारते तेच:
सर्दी, ताप, खोकला?
घसा तीन दिवस खवखवत होता.
'नाही' म्हणायला अक्षरं दोनच लागतात.
ती ओठांशी आली,
आणि त्यांना ढकलून
खोकलाच आधी बाहेर पडला.

सगळे गेले. मी बूट काढले,
चुलीवर ओबुशेरा ढवळत बसले.

दुपारी केळीत काहीतरी मोडलं.
वाटलं, ब्यारुहांगाची बकरी.
खिडकीतून दिसला तो एक हात,
केळीचं सोपट सोलत होता,
आई शेंगा सोलायची तसा,
कसलीच घाई नसलेला.
एक पिल्लू दोरीवरच्या माझ्या किटेंगेकडे
मान वाकडी करून बघत होतं.
दहा मीटर? कमीच.

मी खिडकी लावून घेतली.
शाल तोंडात कोंबली,
खोकला पोटात दाबला, डोळ्यांना पाणी आलं,
आणि भिंतीला पाठ टेकून ऐकत राहिले
पलीकडचं चर्र, चर्र,
मग एक लांब ढेकर.
किती वेळ, ते वहीत नाही.

संध्याकाळी सात पाहुणे चिखलानं माखून परतले.
रुकारा नाहीच भेटला हो, नुसते बिछाने दिसले.
मी गरम पाणी दिलं. बोलले नाही.
सहा केळी आडव्या झाल्या होत्या.
मालकिणीला वाऱ्याचं नाव सांगितलं.

तर प्रश्न अकरा तूर्त राहू द्या.

बारा: हो, खोल्यांत दोन-दोन ब्लँकेटं आहेत.
तेरा: दिवे साडेनऊला जातात.
चौदाचं उत्तर तुम्ही विचारलेल्याहून थोडं जास्त देते.
निघण्याआधीचा आठवडाभर
शिंकणाऱ्या नातवंडांना जवळ घेऊ नका,
कितीही गोड असली तरी.