बॅटरीचं पाणी

ओहोटी लागली की मोतमाउली चिखलात एका कुशीवर बसते
आणि मी इंजिनामागची फळी उचलते.
खाली दोन बॅटऱ्या:
एक दिव्यांची आणि वायरलेसची,
एक नुसती इंजिनाला जागं करायला.
टॉर्च दातांत. काडी ओढायची नाही इथे,
आणि चांगली ओढणी घेऊन यायचं नाही,
तेजाबाने तिची चाळण होते.

सहा बुचं. चौथं नेहमीसारखं अडलेलं.
आत पातळी उतरलीय,
प्लेटींच्या कडा उघड्या पडल्यात
भाटीच्या खडकांसारख्या.

समोर एवढा समुद्र
आणि त्यातला थेंब चालत नाही.
डहाणूकडच्या नव्या खलाशाने एकदा
मगभर ओतला होता, विश्वासाने.
हिरवट वास नाकात चढला,
दोन दिवस खोकत होता पोरगा,
बॅटरी भंगारात गेली वजनावर.

विहिरीचं पाणी गोडं म्हणतात,
पण चैत्रात त्याला साबण फेसत नाही.
नळाचं येतं पहाटे साडेचारला, औषधाचा वास घेऊन;
आयच्या तपेल्याच्या बुडाशी
त्याचा पांढरा थर मी नखाने खरवडलाय.
उकळून घातलं तर?
सातवीत असताना विचारलं होतं.
बापूस जाळं विणता विणता हसला,
"उकळून मीठ उडतं व्हय?
मग मिठागरं कशी चालली असती?"

बंगल्यांवर शूटिंग असलं की
अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या पोतंभर मिळतात.
थंडगार, सीलबंद, महाग पाणी.
लेबल वाचलं मी, बारीक अक्षरातलं:
कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणखी काय काय,
माणसाच्या भल्यासाठी.
माणसाला भरलेलं पाणी लागतं.
बॅटरीला रिकामं.

बँकेच्या एसीखाली बादली लावणारा
आमचा जनू म्हणतो, हे तर हवेतलं, फुकटचं.
हवेतलं खरं,
पण तांब्याच्या नळीवरून आणि वर्षभराच्या धुळीतून
रांगत आलेलं.
नको जनू. तू झाडांना घाल.

म्हणून तरीने वेसाव्याला गेले, कॅन आणला.
इतरांपेक्षा वीस रुपये स्वस्त,
झाकणावर मशीनचा शिक्का.
घरी आयच्या फुटक्या आरशाचा तुकडा
ओट्यावर उन्हात ठेवला, त्यावर एक थेंब.
आरसा आधी पदराने पुसला होता
आणि मग परत पुसला, पदराचा काय भरवसा.

थेंब बारीक होत गेला.
सुकट राखणाऱ्या बाया हसत होत्या,
बघा, पाण्याला वाळत घातलंय हिने.
थेंब गेला.
आणि त्याच्या जागी
पांढरी, बारीक, पूर्ण गोल रेघ.

परत तर, परत वेसावे.
दुकानदार म्हणाला, ताई, रेघेने काय होतं?
मी म्हटलं, पन्नास वाव पाण्यात
रात्री दीडला स्टार्टर नुसता टक करतो,
ते होतं.
त्याने मागच्या खोलीतून दुसरा कॅन काढला.
मी आरसा पिशवीतून काढला.
त्याच्याच पायरीवर बसले, ऊन सरकेल तशी सरकत.

आज बोटीवर बापूस माझ्या मागे,
मासळीच्या उलट्या टबवर.
दमा चढू देत नाही त्याला पुढे.
मी चार्जिंग झाल्यावर तासभर थांबलेय,
प्लास्टिकची नरसाळी धुतलीय ह्याच पाण्याने.
वाकले, तर कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर.
"पूस," तो म्हणाला. "त्यात पन मीठच."

पुसला.
कुणाच्याही अंगातलं काही नको असलेलं हे पाणी
मी जपून ओतते,
प्लेटी बुडतील इतकंच, गळ्यापर्यंत नाही.
चौथं बूच शेवटी सुटतं, पकडीने.

आरशाचा तुकडा त्याच्या मांडीवर आहे.
तो उन्हात धरतो, तिरका करतो,
डोळ्यांना दिसत नाही म्हणून माझ्याकडे देतो.
"काय हाय?"
काही नाही.
"नीट बग."
बघते. आरशात माझी भुवई,
त्यामागे वायरलेसची काठी, आभाळ.
बाकी काही नाही.
"मग घाल," तो म्हणतो.