फट

कुताइसीत, गॅरेजच्या पत्र्याखाली
ओतार पंचवीस वर्षं तारांना डाग देतोय.
राळेच्या नुसत्या वासावरून सांगेल
कुठला सांधा कच्चा राहिला.

लाकूड मात्र अजून ओळख देत नाही.

नानुलीचा अक्रोड वादळात पडला.
एक फळी आणून म्हणाली, रेडिओला घर कर.
करवत रेघ सोडून भलतीकडे गेली,
रंधा गाठीपाशी अडून बसला,
दोनदा मोजूनही कोपरा जुळेना.
फट राहिली, नख जाईल एवढी.

भुसा-डिंक कालवला, तेवढ्यात वीज गेली.
बॅटरीवर रेडिओ लावला:
खरखर, आणि तबकडीचा पिवळा उजेड
फटीतून थेट नानुलीच्या चपलांवर.

"आत कुणी राहतं वाटतं," ती म्हणाली.

ओतारने डिंकाचं झाकण लावलं,
आणि त्याच उजेडात
बोटातलं कुसळ शोधत बसला.