शून्य कुठे धरायचं

मंगळवारी सहा ते आठ, स्टॅफर्ड,
कॉलेजच्या जुन्या इमारतीत खोली चौदा.
हीटर नुसता खटखटतो, तापत नाही.
नऊ विद्यार्थी. नववा कीथ ब्लॉक्सम, वय त्रेपन्न,
एकवीस वर्षं कॅनकची बस चालवून
आता ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात शिरू म्हणतो.

मी बोर्डावर लिहिते: j.
तो हात वर करतो.
"मिस, काल्पनिक म्हणजे खोटंच ना?
मग शॉक कसा बसतो?"

पुस्तकातलं वाक्य ओठांशी येतं, मी ते गिळते.
मार्कर टेबलावर आडवा ठेवते, टोक दाराकडे.
"हा एक. j ने गुणायचं म्हणजे
डावीकडे वळायचं, काटकोनात. वळवा."
वळवतो.
"पुन्हा."
टोक आता भिंतीकडे, दाराला पाठ.
"वजा एक," मी म्हणते.
"दोनदा डावीकडे," तो पुटपुटतो, "की बस उलटी डेपोकडे."
आणि वहीत j च्या शेजारी
एक छोटंसं स्टिअरिंग काढतो.

मग सोपं होत जातं. म्हणजे, थोडंसं.
सगळंच फिरतंय, सेकंदाला पन्नास गिरक्या,
पण एकाच वेगाने; तर आपणही
त्याच चक्री पाळण्यात चढून बसायचं,
समोरचे सगळे जागच्या जागी दिसतात.
कोण किती पुढे, कोण किती मागे, एवढंच उरतं.
कॉइलमधला करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो;
कपॅसिटरमधला आधीच येऊन बसतो,
अक्षता पडायच्या तासभर आधी
हॉलवर पोचलेल्या काकांसारखा.

नोड म्हणजे गाठ. तारांची गाठ पडते, पण
मुक्कामाला कोणी राहत नाही.
आलं तेवढं गेलंच पाहिजे.
"बस स्टँड," कीथ म्हणतो.
तीन गाठी. एकीला शून्य म्हणायचं,
की उरली दोनच समीकरणं.
"कुठलीला?"
"कुठल्याही. आकडे बदलतात,
दोन गाठींमधला फरक बदलत नाही."
तो खालची तार निवडतो. मग, पत्ता विचारावा तसं:
"तुमचं शून्य कुठंय, मिस?"

गृहपाठ, मी म्हणते, प्रश्न चार ते सात.

पावणेनऊला स्टेशनच्या रस्त्यावर फोन.
कुडाळात सव्वादोन, वृंदाची रात्रपाळी,
वॉर्डात सगळे निजलेत.
साडेपाच तास म्हणजे साडेब्याऐंशी अंश,
चालता चालता कोसाइन काढते:
शंभरातले तेरा कामाला येतात,
नव्व्याण्णव नुसते जातात, परत येतात.
(बेरीज जुळत नाही? काटकोनात अशीच होते.)
"जेवलीस?"
"जेवले. तू?"
मीटर याला काम म्हणत नाही.
पण एवढं येणं-जाणं नसेल
तर मोटरीतलं चुंबक जागं होत नाही,
मोटर ढिम्म.
मार्चअखेर इथली घड्याळं तासभर पुढे सरकतील,
साडेसदुसष्ट अंश. शंभरात अडतीस.
बरं आहे.

पुढच्या मंगळवारी कीथने
प्रश्न पाच दोनदा सोडवून आणला,
एकदा खालची तार शून्य धरून, एकदा वरची.
फरक तोच, दशांशापर्यंत.
"खात्री करून घेतली," म्हणाला.
मी बरोबरची खूण केली
दोन्हींवर.