ठोंब

मुचंडीच्या अलीकडं जनावरांचा दवाखाना आहे,
तिथं मी ड्रेसर. डॉक्टर आठवड्यातनं दोनदा.
बाकीचे दिवस मी आणि फिनेलचा वास.

दिवाळी सरली की मेंढ्या येतात
एक डोळा मिटलेल्या.
मी चिमटा उकळतो, मान गुडघ्यात धरतो,
पापणी उलटून कुसळ ओढतो:
काळपट, पिळाचं, टोकाशी केसाळ,
आत जायला सोपं, बाहेर यायला नाही.
दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघण्याचा
सरकार मला पगार देतं.
मुसळाचं खातं माझ्याकडं नाही.

काढलेली कुसळं मी बाटलीत ठेवतो. का, ते माहीत नाही.

मलकारी लेंगऱ्याच्या आईनं, मायाक्कानं,
एकदा ती बाटली उजेडात धरली.
"ह्ये बी गवातच की," म्हणाली.
"कवळं असतंय तवा मेंढरं चवीनं खात्यात.
येळ आपण चुकवायची
आन् नाव त्याचं बद्दू करायचं."

त्या आषाढात ती दहिवडीहून यष्टीनं आली,
मांडीवर ओलं पोतं.
कंडक्टर म्हणाला, लेकराचं हाफ तिकीट काढायचं का?
पोत्यात मारवेलचे ठोंब. शंभर सांगितलेले, चार कमी.

ठोंब हा शब्द माझ्या ओळखीचा.
शाळेत गुरुजी मला दुसऱ्या नावानं हाक मारत नसत.
माळावर कळलं, ठोंब म्हणजे
मुळं, वीतभर काडी,
आणि वरचं सगळं कापून टाकलेलं.
मुरमात दोन-दोन पुरायचे, हातभर अंतरानं,
टाचेनं दाबायचे.
एवढं केलं की ते मरत नाहीत म्हणे.
गुरुजींना हे माहीत नव्हतं.

"पहिलं वरीस तोंड लावू द्यायचं न्हाई."
मेंढक्याच्या घरात हा नियम म्हणजे
एकादशीला शेजारी भजी तळणं.
मलकारी खाली बारामतीकडनं कळप घेऊन परतला,
आणि आई बाभळीच्या काट्यांपलीकडं काठी घेऊन उभी,
स्वतःच्याच मेंढरांवर.
एक म्हातारी माडग्याळ मेंढी घुसलीच.
नऊ ठोंब मुळासकट.
मायाक्कानं तिला मारलं नाही.
तिच्या नाकावरची माती पुसली फक्त,
आणि दोन दिवस लेकाशी बोलली नाही.

दुसऱ्या वर्षी माळ गुडघाभर.
प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांचं कडं,
वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही.
फुलोरा धरता धरता तिनं विळा लावला,
खाली चार बोटं सोडून.
"ह्याला बी कुसळ हाय," मला दाखवलं,
"पर मऊ. डोळ्यात शिरायची अक्कल न्हाई त्याला."

तिसऱ्या वर्षी गड्डा मधून पोकळ होतो,
कडेनं हिरवा, आत वाळलेला.
माझ्या चुलत्याचं असंच झालं होतं, सरपंच झाल्यावर.
मग खणायचा, फोडायचा, वाटायचा.
नातीच्या ओटीत नारळ, खण आणि पाच ठोंब.
उमदीची विहीण पदर पसरून म्हणाली, "हुल्लू?"
मायाक्का म्हणाली, "हुल्लूच."
पैसे घेणार का, असं विचारणाऱ्याला
तिनं सगळ्यात बारका ठोंब दिला.

एक माझ्याकडंही आहे,
मोरीचं पाणी जातं तिथं.
डॉक्टर त्याला तण समजून दोनदा उपटायला गेले.

यंदा बाटली निम्मीच भरली.
मारवेलमुळं, की पाऊसच कमी म्हणून कुसळी आलीच नाही,
मला सांगता येत नाही. अहवालात तो रकाना नाही.

काल हवा दमट होती. बूच काढलं,
तर आतली कुसळं
हळूहळू स्वतःभोवती फिरत होती,
काचेला टोक लावून,
माती शोधत.
दवाखान्यामागं पडीक माळ आहे.
बाटली घेऊन मी पायरीपर्यंत गेलो.
फाटकाशी मलकारी,
खांद्यावर एक डोळा मिटलेलं कोकरू.

मी बूच लावलं
आणि चिमटा उकळायला ठेवला.