मधली सतरा चित्रं

पहिलं चित्र ताकामिझावांचं:
रिकुमा गुडघ्यांवर, बर्फात,
हातात गुरूच्या तुटक्या खडावेचा लाल बंद.
शेवटचं चित्रही त्यांचंच:
रिकुमा उभा, कमरेवर हात,
दात काढून हसतोय, जणू डोंगर याच्या बापाचा.
मधली सतरा माझी.
कागदामागे दोनशे वीस येन.

नेरिमात रात्रीचे दोन.
रेल्वेफाटकाची घंटा केव्हाच थांबलीय.
खालच्या दुकानातून आणलेला भाताचा त्रिकोण
हीटरवर ठेवून मी विसरून गेलेय.
काचेखाली दिवा, काचेवर कागद,
कागदावर कागद,
आणि त्या सगळ्यांच्या आरपार
चौदा वर्षांचा एक आगाऊ पोरगा,
ज्याच्याशी माझं कधी फारसं पटलं नाही.

तोंडाळ मेला. दर भागात तेच पालुपद:
"मी हरत नाही, मला जिंकायला उशीर होतो!"
साठ भाग मी त्याची मान ताठ काढली,
नाकपुड्या फुगवल्या, भुवया चढवल्या,
आणि मनात म्हटलं,
याला एकदा तरी कुणी गप्प करा.

या भागात केलाय.
सातव्या मिनिटाला गुरू दरडीखाली जातो.

ताकामिझावा ऑक्टोबरात गेले.
त्यांच्या टेबलावर अजून ती बोटभर पेन्सिल आहे,
पितळी नळीत खोचून लांब केलेली,
आणि मी काढलेल्या चुकीच्या गुडघ्यांचा गठ्ठा,
त्यांच्या लाल रेघांनी भरलेला.
"कुरामोची, माणूस सरळ वर येत नाही.
उठण्याआधी तो थोडा आणखी खाली जातो.
ते खाली जाणं वगळलंस
तर उठतो तो फुगा."

म्हणून पहिल्या कागदावर त्याला वाकवते.
दुसऱ्यावर आणखी.
तिसऱ्यावर कपाळ बर्फाला टेकतं.
चौथ्यावर खांदे गळतात.
पाचवा चार वेळा फाडला,
मूठ उघडी की मिटलेली, तेच कळेना.
शेवटी अर्धी ठेवली.
लाल बंद बोटांतून निसटत नाही, धरलेलाही नाही.

सहा, सात, आठ.
याच्या बढाया कुणाच्या जिवावर होत्या
ते आज पहाटे तीनला दिसलं.
दर चौकटीत मागे, जरा धूसर,
कुणीतरी उभं असायचं, पडला तर धरणारं.
मीच रंगवायला पाठवायचे त्यांना,
पार्श्वभूमी समजून.

नवव्यावर त्याची पाठ सवयीनं मागे टेकायला जाते.
मागे कुणी नाही.
तोल जातो,
आणि तोल सावरायला पाय पुढे पडतो.
बस, एवढंच.
शौर्य वगैरे नाही, टाच घसरते
आणि पोरगा पुढे आलेला असतो.

दहाव्यानंतर हात आपोआप चालला.
उसनं अवसान, म्हणतात लोक, जरा नाक मुरडून.
उसनंच की.
पण देणाराच गेल्यावर ते फेडायचं कुणाला?
मग ते अंगावरच राहतं,
आणि वापरून वापरून
आपल्या मापाचं होतं.

सतराव्यावर हसू यायला लागतं.
आधी डाव्या कोपऱ्यात, वाकडं,
तिथून पुढे ताकामिझावांचं चित्र.
दोन्ही कागद बोटांत धरून फडफडवले:
पोरगा पडला, टेकला, घसरला, उठला.
पुन्हा. पुन्हा.
पडद्यावर हे दीड सेकंदाचं काम.
कुमामोतोतलं एखादं मूल तेवढ्यात
नूडल्सचा घास फुंकत असेल.

सकाळी पिवळी चिठ्ठी परत आली:
"नववं चित्र. डोळे म्हातारे झालेत.
तो चौदाचा आहे. दुरुस्त करा."
बरोबर आहे त्यांचं.
खोडलं. डोळे मोठे केले, चमक टाकली.
टाच मात्र कुणी काढायला सांगितली नाही.

खोडरबराचा भुगा तळहातावर घेतला,
खिडकी उघडली, आणि उगाच
त्याच्याच आवाजात, हळू, म्हणून पाहिलं:
मला उशीर होतो.

खुर्चीवरून उठताना
गुडघे आधी खाली गेले.